अंड्याबाबत चूक आमचीच

नमस्कार,

श्रावणातल्या शनिवारी तुम्ही आईंना घेऊन पणजीच्या मळा भागातल्या आमच्या फ्रेंच बेकरीत आलात आणि नंतर अभिप्रायात दोन तारे देऊन गेलात. क्रोसाँत, म्हणजे त्या पापुद्रेदार फ्रेंच पदार्थात, अंडं नाही असं सांगितलं आणि ते निघालं, कानेले हा छोटा केक जळका होता, आणि साडेअकराला आणखी क्रोसाँ मागितले तर संपलेले, अशा तुमच्या तीन तक्रारी.

आधी अंड्याचं. बाकीचं त्यापुढे किरकोळ आहे.

आमच्या क्रोसाँच्या पिठात अंडं नसतं. मैदा, दूध, यीस्ट, साखर, मीठ आणि भरपूर बिनमिठाचं बटर, एवढंच. पण भट्टीत घालण्याआधी वरून फेटलेल्या अंड्याचा ब्रश फिरवतो. ती तांबूस चकाकी त्याचीच. काउंटरवरच्या मुलीला ‘पिठात अंडं नाही’ इतकंच मी शिकवलं होतं, ब्रशचं सांगायचं राहिलं. तिने तुम्हाला मुद्दाम फसवलं नाही, तेव्हा तिच्याबद्दल लिहिलेलं कृपया माझ्या नावावर टाका. माझी आई श्रावणात केकला हात लावत नाही. म्हणजे हे मला सुचायला हवं होतं. आईंची मनापासून माफी मागतो.

पाकीटबंद मालावर हिरवा ठिपका नाहीतर तपकिरी त्रिकोण असतो, गिऱ्हाईक बघून घेतं. आमचा माल काचेच्या कपाटातला, सुटा, त्यावर काहीच नव्हतं. तुमचं वाचून रात्री एकेक पदार्थ तपासायला बसलो, तर चॉकलेट मूसमध्ये जिलेटिन सापडलं, जे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. म्हणजे अंडं नसूनही ते शाकाहारी नाही, आणि हे आजवर कोणी विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक ट्रेपुढे मराठी, कोकणी आणि इंग्रजीत पाटी आहे: अंडं, जिलेटिन, रम. क्रोसाँचा एक ट्रे रोज दूध-सायीचा ब्रश मारून वेगळा भाजतो. रंग जरा फिका येतो. भट्टी मात्र एकच आहे. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी आमच्याकडे खाऊ नये, हे मी आधीच सांगेन.

आता कानेले. इथे मी थोडा भांडणार. हा फ्रान्समधल्या बोर्डोचा पदार्थ. दूध, अंड्याचा बलक, रम, व्हॅनिला यांचं सरसरीत पीठ, तांब्याच्या साच्याला मधमाशीचं मेण आणि बटर लावून भाजायचं. बाहेरून गडद, करकरीत आणि आत मऊ, हीच त्याची जात. आपल्या गोव्याच्या थरांच्या गोड बेबिंकाचा प्रत्येक थर वरून तांबूस झाल्याशिवाय आपण त्यावर पुढचा ओततो का? तसंच हे. पण तुम्ही नुसतं काळं म्हटलेलं नाही, ‘कडू’ म्हटलंय. कडू लागला असेल तर तो जळलाच होता. तेव्हा पूर्ण भांडताही येत नाही.

क्रोसाँ संपतात त्याला इलाज नाही. पहिल्या दिवशी पीठ, दुसऱ्या दिवशी बटर घालून तीन घड्या, म्हणजे बटरचे 27 थर, आणि तिसऱ्या पहाटे भट्टी. पावसाळ्यातल्या पणजीच्या दमट हवेत लाटताना बटर पाघळलं की ते थर पिठात जिरतात आणि क्रोसाँचा पाव होतो. पाव खायचा तर आमच्या गल्लीतला पोदेर, म्हणजे पाववाला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला देतो. एसी लावलेली खोली दहा बाय आठची, त्यात दिवसाला 40 होतात. नऊच्या आधी फोन केलात तर बाजूला काढून ठेवतो.

‘पोर्तुगीजांच्या गोव्यात फ्रेंच दुकान कशाला’ असंही तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर सोपं आहे: बोटीवर 12 वर्षं मला हेच काम मिळालं.

अभिप्राय बदलू नका, लोकांना अंड्याचं कळू दे. बिलाचे पैसे ज्या नंबरवरून आले तिथेच आज परत पाठवतोय, कानेलेचेही धरून.

— दुकानाचा मालक