होडी पाहिजे, लाकडाची

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि मला होडी हवीशी वाटू लागली. साधी, लाकडाची, वल्ह्यांची, बारा फुटी. आम्ही ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहतो, खिडकीतून खाडी दिसते. (२०२२ साली ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आमचा एजंट तिला खाडी म्हणत नाही, 'क्रीक व्ह्यू' म्हणतो. वास तोच आहे.)

बायको म्हणाली, "मागे सायकल घेतली होतीत." एवढंच म्हणाली. सायकल बाल्कनीत आहे, तिच्यावर टॉवेल चांगले वाळतात.

मला वाटलं, अवघड ते काय? कल्याण इथून हाकेवर. साडेतीनशे वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत आरमार उभं करायला घेतलं. मला एकच होडी हवी होती, तीही बिनतोफेची.

आधी सोसायटीत फर्निचर करणाऱ्या सुताराला विचारलं. तो लगेच "होईल ना" म्हणाला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"वॉटरप्रूफ प्लाय मारू, साहेब. वरून सनमायका. ड्रॉवर किती काढू?"

"अहो, ती पाण्यात तरंगायला हवी."

तो विचारात पडला. "म्हणजे, रोज?"

मग मोबाइलवर शोधलं. 'लाकडी होडी' म्हटलं की आधी लग्नवाले येतात. नवरानवरीच्या एंट्रीची होडी, खाली चाकं, धुराचं मशीन वेगळं. एकाकडे पाणीपुरीच्या काउंटरची होडी होती, शिडासकट. शेजारच्या कुलकर्ण्यांनी तर तलावपाळीचा रस्ता दाखवला, "तिकीट काढा, पायडल मारा, हौस फिटली की घरी या." फायबरवाला तेवढा मुद्द्याचं बोलला. लाकूड किडे पोखरतात, दरवर्षी होडी वर ओढा, फटी भरा, तेल पाजा. फायबर नुसतं धुवायचं. शब्दन् शब्द खरा होता, म्हणून मी फोन ठेवला.

शेवटी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यात गेलो. धक्क्यावर एक नाखवा जाळं दुरुस्त करत बसले होते. "लाकराची होरी? कनाला?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मी घरीसुद्धा देऊ शकलो नव्हतो. पण माणूस भला. पुढच्या गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत, हल्ली जुन्या होड्यांची डागडुजीच करतात, त्यांना गाठा म्हणाले.

मिस्त्री अंगणातच होते. मुलगी बघायला जावं आणि आपलीच मुलाखत व्हावी, तसं झालं.

"पोवता येतं?"

"थोडंफार."

"आज भरती किती वाजता?"

मी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी हातानेच तो परत ठेवायला लावला. "आज अष्टमी. आठाची पाऊणपट करा."

एकतीस वर्षं बँकेत आकडेमोड केलेला मी बोटं मोजत राहिलो. सहा. सहाच्या सुमाराला भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आणि अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढणार नाही, हेही त्यांनी वर सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. त्याने त्यांचं माझ्याविषयीचं मत आणखी खाली गेलं.

पण मग ते खुलले. नकाशा लागत नाही, म्हणाले, डोळा लागतो. फळ्या सागाच्या. दोन फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा. नवी होडी पाण्यात सोडली की आधी पाणी पिते. घाबरायचं नाही, लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. "आणि आतल्या फासळ्यांना वाकडं लाकूर पायजे. जल्मापासून वाकडं. सरळ कापून वाकडं केलेलं नाय चालत, रेषा तुटते. ते आना, पुरचं मी बगतो. नारली पुनवेनंतर."

मी थेट ठाण्यातली वखार गाठली. "वाकडं लाकूड आहे का?" मालकाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "चाळीस वर्षं झाली धंद्याला. आमच्याकडे वाकडा माल मिळत नाही!" कोण बोललं तुम्हाला, नाव सांगा, म्हणून मागेच लागले. त्यांना शांत करायला मला एक सरळ पट्टी विकत घ्यावी लागली.

तेव्हापासून मी रस्त्याने मान वर करून चालतो. झाडांची कोपरं बघतो. बायकोने मानेच्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवलाय. पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली तेव्हा माझी दिवाळी होती. सेक्टरच्या वळणावर पालिकेच्या माणसांनी तोडून टाकलेली एक फांदी दिसली. अशी वाकलेली, की होडीची फासळीच ती! रिक्षावाला घेईना. खांद्यावर टाकून आणली. लिफ्टमध्ये ती आणि मी, दोघंच मावलो. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि 'भेटीचं कारण' या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिला.

फांदी सायकलला टेकवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि मिस्त्रींच्या नातवाच्या नंबरवर पाठवले. रात्री उत्तर आलं. आजोबांनी सांगितलेलं त्याने जसंच्या तसं टाइप केलं होतं.

"गुलमोहर हाय. चुलीला बरा."