चुन्यो म्हणजे नुसता उन्हात वाळवलेला बटाटा नव्हे

‘अँडीज पर्वतातले लोक बटाटा नुसता उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकवतात’ हा चुन्योबद्दल, म्हणजे तिथल्या वाळवून टिकवलेल्या बटाट्याबद्दल, फिरणारा दावा अर्धवट आहे. नुसत्या उन्हात अख्खा बटाटा हिरवा पडतो, नासतो. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावर, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, जून-जुलैच्या कोरड्या थंडीत तो आधी रात्री उघड्यावर गोठवतात. गोठल्याने पेशी फुटतात. दिवसा वितळल्यावर पायांनी तुडवला की पाणी निघते, सालही सुटते. वाळवण त्यानंतर. रात्र ढगाळ गेली, तर बटाटा आतपर्यंत गोठत नाही. असा गोठवून, तुडवून वाळवलेला तो काळा चुन्यो. पांढऱ्या प्रकारासाठी, म्हणजे तुंतासाठी, गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात; कडू जातींमधली ग्लायकोअल्कलॉइड नावाची विषारी द्रव्ये त्यात बरीच धुऊन जातात. नुसत्या उकळण्याने ती नष्ट होत नाहीत, म्हणून हिरवा, कडू बटाटा शिजवूनही खाऊ नका.