मुखवटे घरी परतले, त्या गावाला जाऊन या

या उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील, तर व्हँकुव्हरकर मंडळींचे बेत एव्हाना ठरलेही असतील. बॅन्फ, जॅस्पर, व्हिक्टोरिया, बुचार्ट गार्डन, फार तर टोफिनो. सगळं सुंदर आहे, जरूर दाखवा. पण त्यातून दोन दिवस काढून अलर्ट बेला जा, असं मी भेटेल त्याला सांगत असते. त्यावर हमखास विचारलं जातं, ‘तिकडे आहे काय?’ उत्तर दोन वाक्यांत होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

अलर्ट बे हे कॉर्मोरंट नावाच्या चिमुकल्या बेटावरचं गाव. व्हँकुव्हर आयलंडच्या पार उत्तरेला पोर्ट मॅकनीलपर्यंत गाडीनं जायचं आणि तिथून पाऊण तासाचा फेरीबोटीचा प्रवास. हा नमगिस लोकांचा मुलूख. क्वाकवाला भाषा बोलणाऱ्या ज्या जमाती या किनाऱ्यावर आणि बेटांवर राहतात, त्या सगळ्यांना मिळून क्वाक्वाक्यवाक्व म्हणतात, नमगिस त्यांतलेच एक. गावात समुद्राच्या अगदी काठाला उमिस्ता कल्चरल सेंटर नावाचं छोटं संग्रहालय आहे. जगातली मोठमोठी संग्रहालयं या लहानशा इमारतीकडून शिकू शकतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी पॉटलॅच म्हणजे काय ते सांगायला हवं. लग्न, बारसं, घरातल्या थोराचं निधन, नवा टोटेम पोल म्हणजे कोरीव लाकडी खांब उभारणं, वडिलांचं पद मुलाकडे जाणं, अशा प्रसंगी यजमान घराणं गावोगावच्या लोकांना बोलावतं. आपल्या घराण्याचे नाच, गाणी, मुखवटे सगळ्यांसमोर मांडतं आणि आलेल्या प्रत्येकाला काही ना काही देतं. पाहुण्यानं भेट घेतली की तो साक्षीदार झाला. कोणतं नाव कुणाचं, कोणता नाच नाचायचा हक्क कोणत्या घराचा, याची नोंद अशी माणसांच्या आठवणीत ठेवली जायची. लिहिलेला कागद नव्हता, त्याची गरजही नव्हती. आणि मोठेपण ठरायचं ते किती वाटलं यावरून.

मिशनरी आणि सरकारी अधिकाऱ्यांना नेमकं हेच खुपलं. कमावलेलं सगळं वाटून टाकणारी माणसं त्यांच्या हिशोबात बसेनात. १८८४ साली आदिवासींसाठीच्या कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला गेला आणि १८८५ पासून बंदी लागू झाली. ती १९५१ पर्यंत होती. म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावरही चार वर्षं कॅनडात आदिवासींनी आपला समारंभ करणं बेकायदाच होतं.

लोक अर्थातच थांबले नाहीत, लांबच्या बेटांवर जाऊन पॉटलॅच करत राहिले. डिसेंबर १९२१ मध्ये डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर फार मोठा पॉटलॅच केला. इंजिनाच्या बोटी, बिलियर्डसारख्या पूल खेळाची टेबलं, शिवणयंत्रं, ग्रामोफोन, ब्लँकेटं, पिठाची पोती, असं काय काय वाटलं. बातमी इंडियन एजंट, म्हणजे आदिवासींवर नेमलेला सरकारी अधिकारी, विल्यम हॅलिडेपर्यंत पोचली. ४५ जणांवर खटले भरले गेले. आरोप काय होते? भाषण केलं, नाच केला, भेटवस्तू मांडल्या, त्या उचलून पाहुण्यांपर्यंत नेल्या. मग सौदा पुढे आला: सगळ्या गावानं मुखवटे आणि समारंभाचं सामान सरकारजमा केलं, तर शिक्षा स्थगित. काही गावांनी नाइलाजानं दिलं. वीस स्त्री-पुरुष मात्र तुरुंगात गेले. पहिल्या गुन्ह्याला दोन महिने, दुसऱ्याला तीन.

तो तुरुंग ओकालाचा. आम्ही बर्नाबीत राहतो, त्यामुळे हे नाव संग्रहालयात वाचलं तेव्हा मी तिथंच थबकले. डियर लेकच्या वरच्या उतारावर हा तुरुंग १९९१ पर्यंत चालू होता. आता तिथं टाउनहाउसेस आहेत आणि खाली तळ्याच्या काठानं आपल्यातली कितीतरी मंडळी संध्याकाळी चालायला जातात. नाचल्याबद्दल शिक्षा झालेली माणसं या टेकडीवर डांबली गेली होती, हे तिथं राहणाऱ्या आपल्याला माहीत असायला हवं.

जप्त केलेल्या सामानाचं पुढे काय झालं, ते नीट वाचण्यासारखं आहे. ‘मोठ्या संग्रहालयात वस्तू सुरक्षित राहतात, गावात कोण सांभाळणार?’ असं आपल्याकडेही अगदी सहज म्हटलं जातं. हॅलिडेनं तो सगळा ऐवज अलर्ट बेच्या चर्चच्या हॉलमध्ये मांडला आणि बघायला तिकीट लावलं. ज्यांच्या घरातून वस्तू आणल्या, त्यांच्याच गावात! न्यूयॉर्कचा संग्राहक जॉर्ज हाय आला, त्याला तीसहून जास्त वस्तू ओटावातल्या केंद्र सरकारला न विचारता विकून टाकल्या. बाकीच्या पेट्यांत भरून ओटावाला रवाना झाल्या. तिथून काही टोरांटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियमकडे गेल्या, आणि काही आदिवासींच्या कारभाराच्या ‘इंडियन’ खात्याचा सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यानं स्वतःकडे ठेवून घेतल्या. मूळ मालकांना सगळ्याचे मिळून दीडेक हजार डॉलर देण्यात आले. त्यात ‘कॉपर’चा एक पैसाही नव्हता. कॉपर म्हणजे तांब्याच्या पत्र्याची मोठी ढाल. प्रत्येक कॉपरला स्वतःचं नाव असतं, इतिहास असतो, आणि हात बदलताना त्याचं मोल हजारो ब्लँकेटांत मोजलं जायचं. तेच फुकट गेले. याला सुरक्षित म्हणायचं असेल, तर शब्दाला अर्थ राहत नाही.

लोकांनी मागणी सोडली नाही. सत्तरच्या दशकात ओटावाचं राष्ट्रीय संग्रहालय परत द्यायला तयार झालं, पण अट घालून: आधी संग्रहालयाची इमारत बांधा, मग वस्तू मिळतील. ज्यांचं लुटलं, त्यांनीच ठेवायला योग्य जागा करून दाखवायची! मला ही अट आजही संतापजनक वाटते. तरी त्यांनी ती पुरी केली. वस्तू कुठं ठेवायच्या यावर घराण्यांमध्ये एकमत होईना, म्हणून एक नाही, दोन संग्रहालयं उभी राहिली. १९७९ मध्ये क्वाड्रा आयलंडवर केप मज या गावी एक, आणि १ नोव्हेंबर १९८० ला अलर्ट बेचं हे उमिस्ता. उमिस्ताची घडी बसवली ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर यांनी. ज्यांच्या पॉटलॅचवरून हे सारं घडलं, त्या डॅन क्रॅनमर यांची ही मुलगी.

पुढेही परतीचा प्रवास चालू राहिला. टोरांटोनं आपल्याकडचा वाटा १९८८ मध्ये दिला. एक शिरोभूषण फिरत फिरत फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँच्या संग्रहात गेलं होतं, त्याच्या मुलीनं २००३ मध्ये ते परत दिलं. ब्रिटिश म्युझियमनं एक मुखवटा २००५ मध्ये पाठवला तो दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. आपल्याच घरचा मुखवटा आपण उसना घ्यायचा, ही गोष्ट मला पचलेली नाही.

आता प्रत्यक्ष दालनाबद्दल. आत शिरल्यावर पहिली जाणवते ती काच नसणं. मुखवटे उघड्यावर मांडलेले आहेत, आणि पॉटलॅचमध्ये जे ज्या क्रमानं येतात साधारण त्याच क्रमानं. मांडणी कालखंडानुसार नाही, ‘पक्षी’, ‘प्राणी’ अशा वर्गवारीनंही नाही. एका प्रचंड पक्ष्याच्या मुखवट्यासमोर मी बराच वेळ उभी होते. देवदारासारख्या सुवासिक लाल सीडरच्या लाकडाची चोच माझ्या हातापेक्षा लांब. डोळ्याभोवती काळा रंग, नाकपुडीला लाल. वरून सीडरच्याच सालीच्या तांबूस झिपऱ्या खांद्यापर्यंत लोंबणाऱ्या. खालचा जबडा सुटा आणि त्याला दोरी. नाचणारा खाली बसून ती दोरी ओढतो तेव्हा चोच खाडकन मिटते, आणि तो आवाज अंधाऱ्या घरभर घुमतो. हे कळलं की हा मुखवटा नुसता बघायची वस्तू राहत नाही. दोरी दिसली की हात दिसतो, हात दिसला की माणूस.

आणि दुसरी गोष्ट, तिथली लेखी पाटी. ‘लाकूड, रंग, साल, अमुक शतक’ एवढ्यावर न थांबता त्या काळातल्या अधिकाऱ्यांच्या पत्रांतले उतारे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे शब्द जवळजवळ लावलेले आहेत. वाचता वाचता कोण काय लपवत होतं ते आपोआप उलगडतं. मोठ्या संग्रहालयांत ‘अमुक यांच्याकडून प्राप्त’ असं लिहिलेलं असतं. प्राप्त कसं झालं, ते इथं लिहिलेलं आहे. माझ्या लेखी छोट्या गावातल्या संग्रहालयाचं खरं बळ हेच: बघायला येणाऱ्यांत त्या घराण्यांची पोरं-नातवंडं असतात, त्यामुळे गुळमुळीत लिहून चालत नाही.

संग्रहालयाच्या शेजारीच सेंट मायकल्स निवासी शाळेची विटांची भलीमोठी इमारत होती. १९२९ ते १९७४ या काळात किनाऱ्यावरच्या आदिवासी मुलांना घरापासून तोडून तिथं ठेवलं जायचं, त्यांची भाषा त्यांच्या तोंडातून काढली जायची. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती पाडायला घेतली, तेव्हा तिथून वाचलेल्या माणसांनी भिंतींवर दगड मारले. आज तिथं मोकळी जागा आहे. सोबतच्या मुलांना हेही सांगा. आम्ही गेलो तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची होती, तिला मी सांगितलं. तिला समजलं आणि तिनं खूप प्रश्न विचारले.

मी नाशिकची. जव्हार-मोखाडा, पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा लहानपणी पाहिलेला आहे. संबळ वाजते, आधी गणपती-सरस्वती, मग एकामागून एक सोंगं ठरलेल्या क्रमानं, रात्र सरेपर्यंत. कितीतरी गावांत अमुक मुखवटा अमुक घरानंच नाचवायचा, असा मान असतो. अलर्ट बेच्या त्या दालनात क्रमानं मांडलेले मुखवटे बघताना मला बोहाडा आठवत होता. बोहाड्यावर कुणी बंदी घातली नाही, ही फार मोठी गोष्ट. पण जुने मुखवटे झिजतात, विकले जातात, शहरातल्या दिवाणखान्यांत भिंतीवर लागतात. माझं मागणं आहे की मोखाड्यात किंवा जव्हारला बोहाड्याचं संग्रहालय व्हावं. मुंबई-पुण्यात नको, तिथंच. कोणता मुखवटा ठेवायचा, कोणता उत्सवाच्या रात्री बाहेर काढून नाचवायचा, पाटीवर काय लिहायचं, हे सगळं तिथल्या घरांनी ठरवावं. सरकारनं पैसे द्यावेत, तज्ज्ञांनी वाळवीपासून लाकूड कसं वाचवायचं ते शिकवावं, आणि निर्णय गावाकडे राहू द्यावा. हे होऊ शकतं. उमिस्ता चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, हजार-दीड हजार वस्तीच्या बेटावर.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नानायमोहून पोर्ट मॅकनील गाडीनं चारेक तास आहे, कॅम्पबेल रिव्हरनंतर पेट्रोल पंप विरळ होतात तेव्हा टाकी भरून घ्या. फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा. गावात शिरल्यावर नमगिस दफनभूमीतले टोटेम पोल रस्त्यावरूनच बघायचे, आत पाऊल टाकायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बिग हाउस या समारंभाच्या मोठ्या घरात तिथली मुलं नाच सादर करतात, त्याच्या वेळा संग्रहालयात फोन करून विचारा आणि त्यानुसार दिवस ठरवा. भेटवस्तू घ्यायच्याच असतील तर व्हँकुव्हरच्या विमानतळावर न घेता संग्रहालयाच्या दुकानात घ्या, तिथं कोरीव काम करणाऱ्याचं नाव विचारलं की सांगतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा जातोय. गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर कळवा.