गास्केटच्या फाइलमधल्या दुहेरी रेघांबद्दल

नमस्कार साहेब,

आपण दोन स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत. गास्केटच्या (सांध्यात घट्ट बसणाऱ्या पातळ पट्टीच्या) जुन्या ड्रॉइंगच्या स्कॅनवरून आम्ही दिलेली डीएक्सएफ फाइल (मशीनला कापायच्या रेघा सांगणारी) बेळगावच्या उद्यमबागेत लेझरला लावली तर प्रत्येक रेघ दोनदा कापली गेली, भोकं नीट गोल आली नाहीत, आणि हे काम मोफत सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करतं. पहिल्या दोन तक्रारी शंभर टक्के बरोबर. तिसरी अर्धीच.

आपल्या ड्रॉइंगमधली रेघ ०.३५ मिमी जाड आहे. आमच्याकडे तिचं आउटलाइन ट्रेसिंग झालं. या पद्धतीत सॉफ्टवेअरला रेघ दिसतच नाही, काळा पट्टा दिसतो, आणि ते पट्ट्याच्या दोन्ही कडा काढून देतं. म्हणून १४ मिमीच्या बोल्टच्या भोकाला दोन वर्तुळं आली, आतलं १३.६५ चं, बाहेरचं १४.३५ चं. लेझरने दोन्ही इमानाने कापली. फाइल कुठल्या मशीनवर जाणार हे ऑर्डर घेतानाच विचारायचं असतं, ते आमच्याकडून राहिलं. चूक आमची.

मोफत इंकस्केप सॉफ्टवेअरमधलं पोट्रेस, म्हणजे चित्रावरून रेघा काढणारी सोय, तीसुद्धा हेच आउटलाइन काढतं. लोगो, पत्रिकेवरचा गणपती, दुकानाची पाटी याला ते झकास आहे, आम्हीही वापरतो. कन्नड अक्षरांची पाटी असली तर थ्रेशोल्ड (किती गडद ते काळं धरायचं ती मर्यादा) तेवढा जपून ठेवायचा, नाहीतर वेटोळ्यांच्या आतली पोकळी बुजते.

मग सेंटरलाइन ट्रेसिंग, म्हणजे पट्ट्याच्या मधोमध एकच रेघ, का नाही? इंकस्केपमध्ये १.० पासून तेही आहे आणि रेघ एकेरी येते. पण दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं सरळ फुली न येता मध्ये बारीकसा तिरका दुवा तयार होतो. कोपरे गोलावतात, बाणांना आणि आकड्यांना केस फुटतात. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) स्कॅनमध्ये ०.३५ मिमीची रेघ म्हणजे जेमतेम चार पिक्सेल. कड जरा खडबडीत असली की मधली रेघ नागमोडी. ६०० डीपीआयला आठ पिक्सेल मिळतात, म्हणून ग्रेस्केल, ६०० आणि टिफ किंवा पीएनजी मागतो. (व्हॉट्सअॅपवरच्या फोटोला मात्र हात जोडतो.)

तरीही गोलाचा प्रश्न उरतोच. ट्रेस केलेलं वर्तुळ म्हणजे वक्र तुकड्यांची जोडणी असते. डीएक्सएफमध्ये बहुतेक वेळा त्याची बारीक सरळ रेघांची साखळी होते, मशीन सांध्यासांध्यावर अडखळतं. त्याला केंद्रही नसतं, त्यामुळे १४ चं १४.५ करायचं म्हटलं तर सगळं परत.

मापाच्या पार्टला म्हणूनच ट्रेसिंग नको, स्कॅन खाली ठेवून हाताने काढायचं. झेरॉक्स उभी-आडवी सारखी ताणलेली नसते, तेव्हा दोन्ही दिशांचं एकेक लिहिलेलं माप ताडून स्केल बसवायचं. कागदावर मोजलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही तर लिहिलेलं धरायचं. प्रत्येक भोक एकच वर्तुळ. कापायच्या रेघा एका लेयरवर, मापं आणि मध्यरेषा दुसऱ्यावर, तो मशीनला द्यायचाच नाही. युनिट मिमी आहे ना बघायचं, इंच राहिलं तर पार्ट २५.४ पट होतो.

याला वेळ जातो, म्हणून दर ट्रेसिंगपेक्षा जास्त आहे आणि तो कमी होणार नाही. आपल्या या फाइलला मात्र काही लावणार नाही, नवीन काढून देतो. एकच करा. ड्रॉइंगमध्ये भोकांच्या केंद्रांमधलं अंतर पुसट आहे. फ्लँजवरच्या (गास्केट ज्यावर बसतं त्या बोल्टच्या कडेवरच्या) समोरासमोरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं माप व्हर्नियरने घ्या, एका भोकाचा व्यास वजा करा आणि तो आकडा कळवा. फाइल मिळाली की आधी पुठ्ठ्यावर एक कापून फ्लँजवर बसवून बघा, मगच शीट लावा.