एका पानाचा सीव्ही डॉक्टरांच्या कामाचा नाही

इंटर्नशिप संपत आली की बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘हॉस्पिटलवाले सीव्हीवर सहा सेकंदच नजर टाकतात. सगळं एका पानात बसवा, वर करिअर ऑब्जेक्टिव्ह लिहा, प्रोसीजरची यादी लांबलचक ठेवा, गॅप दाखवू नका, मिळालेलं प्रत्येक सर्टिफिकेट नोंदवा आणि हाच सीव्ही पीडीएफ करून सगळीकडे पाठवा.’ यातलं बरंचसं ऑफिसातल्या नोकऱ्यांकडून उसनं आणलेलं आहे. आरएमओ (रेसिडेंट मेडिकल ऑफिसर), मेडिकल ऑफिसर किंवा ज्युनिअर कन्सल्टंटच्या जागेसाठी ते वापरलं की नुकसानच होतं.

‘सहा सेकंद, म्हणून एक पान.’ पहिली चाळणी झटपट होते, हे खरं. पण त्या वेळी एचआरवाला शोधत असतो एकच गोष्ट : हा डॉक्टर उद्या कायद्याने ड्युटीवर उभा राहू शकतो का? म्हणून पहिल्या पानाच्या वरच्या भागात एवढं हवंच : नोंदणीत आहे तसंच पूर्ण नाव, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख, पदवी, विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष आणि रुजू होता येईल ती तारीख. पुढचं पान विभागप्रमुख सावकाश वाचतात. नव्या एमबीबीएससाठी दोन पानं पुरतात. एमडी-एमएस झालेल्यांचा सीव्ही तीन-चार पानांवर गेला तरी कुणाची हरकत नसते.

चुका नेमक्या इथेच होतात. इंटर्नशिपमधला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता नोंदणी क्रमांक तसाच राहून जातो. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण-कार्यक्रमांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, हे मुदत उलटल्यावर आठवतं. एमडीचा निकाल लागलेला असतो, पण ती वाढीव पदवी कौन्सिलकडे नोंदवायची राहिलेली असते. अशा वेळी ‘अर्ज केला, अमुक तारीख’ असं सरळ लिहावं. पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर एका ओळीत खुलासा करावा. नाहीतर कागदपत्रं तपासताना फाइल तिथेच अडते. नोंदणी दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलची असेल तर तेही लपवू नये, कारण महाराष्ट्रात काम करण्यासाठी लागणाऱ्या कागदांना वेळ लागतो आणि तो वेळ हॉस्पिटलला आधी धरावा लागतो.

‘वर करिअर ऑब्जेक्टिव्ह लिहा.’ ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा विकास...’ हे वाक्य शंभरातल्या नव्वद सीव्हींवर चालेल, म्हणजे ते कुणाचंच नाही. त्याऐवजी दोन ओळी : ‘एमबीबीएस, १४ महिने मेडिसिन आयसीयूत आरएमओ, १२ बेड, रात्रपाळीत एकटा डॉक्टर. कॅज्युअल्टी किंवा आयसीयूत काम हवं आहे.’ बेडची संख्या आणि पाळी लिहिली की वाचणाऱ्याला कामाचा भार लगेच कळतो.

‘प्रोसीजरची यादी लांबलचक ठेवा.’ या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हा. नुसतं ‘इंट्युबेशन, सेंट्रल लाइन, आयसीडी, लंबार पंक्चर’ (श्वासनलिकेत, मोठ्या शिरेत, छातीत नळी घालणं आणि कण्यातून पाणी काढणं) लिहिलं तर काहीच कळत नाही. ही सगळी लांबून पाहिलेलीही असू शकतात. प्रत्येक प्रोसीजरपुढे आकडे आणि पातळी द्यावी. नमुना असा : ‘इंट्युबेशन : मदत ६, देखरेखीखाली ११, स्वतंत्र ४, शेवटचं गेल्या महिन्यात.’ आकडे लॉगबुकवरून घ्यावेत, आठवणीवरून नव्हे. लॉगबुक ठेवलं नसेल तर आजपासून ठेवावं : तारीख, प्रोसीजर, पातळी, वरिष्ठांची सही. त्याची प्रत जोडताना पेशंटचं नाव आणि आयपीडी (भरती) क्रमांक झाकायला विसरू नये. गोपनीयता न पाळणारं लॉगबुक उमेदवाराबद्दल वाईट तेवढंच सांगतं.

फुगवलेला आकडा मुलाखतीत दोन प्रश्नांत फुटतो. ट्यूब श्वासनलिकेतच आहे हे कशावरून ठरवलं? पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर पुढे काय केलं? इंट्युबेशन चारच वेळा, पण नीट केलेला उमेदवार कॅप्नोग्राफी (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं), बॅग-मास्क, मदत कधी मागवली, हे सहज सांगतो. आणि समजा थाप खपली, तर? एनएबीएच या संस्थेचं दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलात कुठल्या डॉक्टरला कोणती प्रोसीजर स्वतंत्रपणे करू द्यायची हे लेखी ठरतं, आणि त्यासाठी पात्रता, प्रशिक्षण, अनुभव तपासले जातात. तिथे ‘स्वतंत्र’ लिहिलं की रात्री दोन वाजता ते खरोखर एकट्याने करावं लागतं. बिघडलं की हाच सीव्ही केसच्या कागदांत समोर येऊ शकतो.

‘गॅप दाखवू नका.’ ‘२०२२–२०२३’ असं नुसतं वर्ष लिहिलं की उलट शंका येते. नीट-पीजीची तयारी हे कारण प्रत्येक विभागप्रमुखाला पाठ आहे. महिन्यासकट लिहून टाकावं. त्या काळात आठवड्यातून दोन रात्री नर्सिंग होममध्ये केल्या असतील तर तेही लिहावं, मात्र अनुभवाचं पत्र हातात असेल तरच.

‘प्रत्येक सर्टिफिकेट नोंदवा.’ बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण) जरूर, वैधतेच्या तारखेसह. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं. कॉन्फरन्सला नुसती हजेरी आणि तिथे सादर केलेला पेपर एका यादीत मिसळू नयेत. ‘पाठवला’, ‘स्वीकारला’, ‘प्रसिद्ध’ हे तीन वेगळे शब्द आहेत. वेबिनारची वीस प्रमाणपत्रं वगळून वॉर्डातलं एक ऑडिट दिलं तर वजन वाढतं : काय मोजलं, काय बदललं, पुन्हा मोजल्यावर काय दिसलं. तिसरा भाग नसेल तर ऑडिट अर्धंच.

‘हाच सीव्ही सगळीकडे.’ सरकारी भरतीत जाहिरातीतल्या नमुन्यातला अर्जच ग्राह्य धरतात. सुंदर सीव्हीला तिथे जागा नाही. प्लॅब (परदेशी डॉक्टरांसाठीची ब्रिटनची परीक्षा) देऊन ब्रिटनमध्ये जाणाऱ्यांनी फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाकावी. तिथे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या बहुतेक जागांसाठी ऑनलाइन फॉर्म असतो, आणि छाननी त्या जागेच्या पर्सन स्पेसिफिकेशनमधल्या (उमेदवार कसा हवा याच्या यादीतल्या) ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ निकषांवर होते. म्हणून एकेका निकषापुढे आपला पुरावा लिहावा. किमान मागच्या ३ वर्षांचा कामाचा इतिहास आणि रेफरन्स तपासले जातात. मधली रिकामी जागा तिथेही समजावून सांगावी लागते.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी : फाइल पीडीएफच पाठवा. नाव ‘फायनल-न्यू-२’ नको, स्वतःचं नाव आणि पद असू द्या. रेफरन्स म्हणून ज्या सरांचं नाव देता त्यांना आधी फोन करा. एचआरचा फोन गेल्यावर ‘कोण हा?’ असं त्यांनी विचारलं, तर सीव्हीच्या सगळ्या पानांचा उपयोग संपतो.