फिनिश तरुण आणि आपले-परके
फिनलंडची नवी पिढी परक्यांच्या बाबतीत आई-वडिलांपेक्षा मोकळी आहे, हा लेखातील निष्कर्ष मला अर्धाच पटला. 1990 पासून सोमालियातून निर्वासित तेथे येऊ लागले. त्यांची हेलसिंकीत जन्मलेली मुले अस्खलित फिनिश बोलत असली, तरी केवळ नाव किंवा घरची भाषा पाहून अशा मुलांना शाळेत 'फिनिश, दुसरी भाषा' या, मातृभाषा फिनिश नसलेल्यांसाठीच्या वेगळ्या अभ्यासक्रमात बसवले जाते, अशी तक्रार बरीच वर्षे होत आली आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या नजरेतून हे सुटत नाही आणि आपला कोण, परका कोण, याचा पहिला धडा तो बहुधा त्या वेळापत्रकातूनच गिरवतो. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 12 देशांच्या पाहणीत आफ्रिकी वंशाच्या लोकांना वर्णद्वेषी त्रास होण्याचे प्रमाण फिनलंडमध्येच सर्वाधिक, म्हणजे 63 टक्के, आढळले होते. (सर्वांत आनंदी देश म्हणून आपण डोक्यावर घेतो, तो हाच.) तरुणांमध्येही एकमत नाहीच, स्थलांतरविरोधी 'फिन्स पार्टी'कडे मुलींपेक्षा मुलगे अधिक झुकतात. 2024 मध्ये नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट 5 वरून 8 वर्षे करण्यात आली, याचाही उल्लेख लेखात यायला हवा होता.