‘एकदाच घ्या, मोठीच घ्या’ : मोटरहोमच्या व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

‘निवृत्तीनंतर हॉटेलला पैसे घालणे बंद करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी आणि ओळखीच्या बॉडीबिल्डरकडून, म्हणजे गाडीची बांधणी करणाऱ्याकडून, तिच्यात पलंग, ओटा व संडास बसवून तिचे मोटरहोम, म्हणजे फिरते घर, करून घ्यावे, गाडी खासगीच राहते, म्हणून आरटीओत जाण्याची गरज नाही, छतावर दोन सोलर पॅनेल आणि आसनाखाली दोन बॅटऱ्या टाकल्या की एसी रात्रभर चालतो, नाहीच पुरले तर छोटा जनरेटर ठेवावा, घरचा सिलिंडर आणि शेगडी गाडीतच असावी, रात्री कुठेही गाडी लावून झोपावे, पहिलीच गाडी सर्वांत मोठी घ्यावी, कारण लहान घेणारा पस्तावतो, आणि गाडी केव्हाही विकली तरी घातलेले पैसे परत मिळतात. निरनिराळ्या गटांतून हा मजकूर येत राहिला आणि मी तो सोडून देत राहिलो. परंतु निवृत्तीला टेकलेल्या आमच्या थोरल्या साडूंनी परवा एका जुन्या ट्रॅव्हलरचा फोटो पाठवून ‘इसार देऊन टाकू का?’ असे विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

क्रम मोडून मी जनरेटरपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीने माणसे जातात. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात, वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे अशाच राहत्या गाडीत, दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. ते एसी लावून विसावले होते आणि एसीला वीज गाडीतल्याच जनरेटरमधून मिळत होती. पुढे कालिकतच्या (म्हणजे कोळिकोडच्याच) राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील (एनआयटी) तज्ज्ञांनी त्याच गाडीत जनरेटर चालवून मोजमाप केले, तेव्हा धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीच्या तळातील भोकातून आत शिरत असल्याचे आणि दोन तासांत त्याचे प्रमाण साडेनऊशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत साडेनऊशे भाग) आसपास पोहोचत असल्याचे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी आठ तासांच्या सरासरीची जी मर्यादा सांगितली आहे ती घनमीटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९ पीपीएम आहे. तिच्या शंभरपट वायू दोन तासांत त्या गाडीत जमा होत होता. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जागा माणूस डोके दुखते म्हणून निदान दार तरी उघडेल, पण झोपलेल्या माणसाला तेवढीही सूचना मिळत नाही. ‘छोटा जनरेटर ठेवावा’ या तीन शब्दांत तो कुठे ठेवावा, त्याचा धूर कुठे सोडावा, गाडीच्या तळाला किती भोके आहेत आणि ती कोणी बुजवली, यांपैकी काहीही आलेले नाही. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र ऑनलाइन सहज मिळते. संदेशात पडद्यांच्या कापडाचा उल्लेख आहे, त्या यंत्राचा नाही.

आता जनरेटरची वेळ मुळात का येते ते पाहू. बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट वीज मावते. परंतु या जातीच्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून हाती येते ती जेमतेम १.८ युनिट. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण एक युनिट खातो. कॉम्प्रेसर रात्रीच्या आठ तासांपैकी निम्माच वेळ चालला असे उदारपणे धरले तरी चार युनिट लागतात, आणि इन्व्हर्टरमध्ये जी गळती होते ती वेगळी. अर्धी रात्र सरण्याआधीच एसी बंद पडणार आणि घामाघूम झालेला माणूस जनरेटरची दोरी ओढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. साडेतीनशे वॅटच्या आसपासची दोन पॅनेले स्वच्छ उन्हात दिवसाला तीनेक युनिट देतील, तीही गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर. एप्रिलमध्ये आपण गाडी आंब्याच्या सावलीत लावतो, आणि सावलीतले पॅनेल म्हणजे छतावरचे ओझे. एवढे मात्र मान्य करतो की दिवे, पंखे, मोबाईल, पाण्याचा पंप आणि लहानसा डीसी फ्रिज यांना ही व्यवस्था उत्तम पुरते. लिथियम बॅटऱ्यांचा मोठा संच आणि इन्व्हर्टर एसी बसवला तर रात्रही निघते, पण मग संदेशात दिलेले पाच लाखांचे अंदाजपत्रक तेवढ्यावरच कोलमडते.

सिलिंडरबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण ‘आपण घरी वापरतोच की’ हा युक्तिवाद फार जणांना पटतो. घर घाटात डुलत नाही आणि स्वयंपाकघराला खिडकी असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो जमिनीलगत साचतो; म्हणूनच नीट बांधलेल्या कॅराव्हॅनमध्ये सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद असतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असते. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर पलंगाखाली दोरीने बांधून ठेवणे म्हणजे यातील एकही गोष्ट न करणे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या खासगी रेल्वे डब्याला पहाटे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. आत चोरून आणलेला सिलिंडर होता. तो डबा रुळांवरचा होता म्हणून उदाहरण लागू पडत नाही, असे कोणी म्हणू नये. बंद डबा, आत झोपलेली माणसे आणि पहाटेच्या चहाची घाई, ही सगळी जुळणी ट्रॅव्हलरमध्येही तशीच होते. स्वयंपाक गाडीबाहेर, छत्रीखाली, लहान सिलिंडरवर करावा. ज्यांना पावसातही आतच रांधायचे आहे त्यांनी गॅसची व्यवस्था अनुभवी माणसाकडून करून घ्यावी, फर्निचरवाल्याकडून नव्हे.

आरटीओचा मुद्दा अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य असल्यामुळेच तो इतका पसरला आहे. केंद्राच्या वाहनवर्गीकरणात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन परिवहनेतर, म्हणजे भाड्याची वाहतूक न करणाऱ्या, गटात मोडते, हे खरे; मोटरगाडीच्या साध्या परवान्यावर एकूण साडेसात हजार किलो वजनापर्यंतचे हलके वाहन चालवता येते, हेही खरे. परंतु यावरून ‘आरटीओत जाण्याची गरज नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे घर स्वतःच्या मालकीचे आहे म्हणून नकाशा मंजूर करून घ्यायला नको, असे म्हणण्यासारखे आहे. मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडकपणे लावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मंजुरी मिळालेली गाडी घेणे किंवा मंजुरी असलेल्या बांधणाऱ्याकडून काम करून घेणे, हा सरळ मार्ग आहे. जुनी ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी वाहतुकीची असते. ती खासगी करणे, कराचा फरक भरणे आणि नोंदणी पुस्तिकेत बांधणीचा प्रकार बदलून घेणे ही कामे ओळखीचा बॉडीबिल्डर करून देत नाही. दंडाची रक्कम ऐकून हसणाऱ्यांनी विम्याचा विचार करावा. कंपनीला न कळवता केलेला बदल हे दावा नाकारण्याचे तयार कारण असते, आणि ते कारण अपघातानंतरच पुढे येते.

आता ‘मोठीच घ्या’. मोटरहोम निवडताना पहिला प्रश्न गाडी किती मोठी हवी, हा नसून आपण प्रवास कसा करतो हा असतो, आणि संपूर्ण संदेशात हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. रोज मुक्काम हलवणाऱ्या जोडप्याला एका ठिकाणी आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाची गाडी जाच होते. कोकणाचेच उदाहरण घ्या, कारण हौशी मंडळी पहिल्यांदा तिकडेच वळतात. महामार्ग सोडून समुद्राकडच्या गावात शिरले की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर खाली आलेल्या विजेच्या तारा आणि झुकलेल्या माडाच्या झावळ्या, आणि समोरून एसटी. अशा वेळी मागे घ्यावे लागते ते नेहमी आपल्यालाच. ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे गेलेला असतो, म्हणून घाटातल्या नागमोडी वळणावर तिची शेपटी भलतीकडेच घासते. त्यात बांधणाऱ्याने दोनशे लिटरची टाकी सोयीसाठी अगदी मागे बसवली असेल तर दोनशे किलोचे डुलणारे ओझे तिथेच येते. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले या फेरीबोटींवर मोठ्या गाड्या जातात, पण ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उतारावरून बोटीवर चढताना हीच शेपटी खाली टेकते की काय, याची धास्ती चालकाच्या चेहऱ्यावर दिसते. ज्याला दिवेआगर, हर्णे, गुहागर असे गावोगाव भटकायचे आहे त्याच्यासाठी ईकोसारख्या गाडीत काढता-घालता येणारा पलंग आणि मागच्या दाराशी उघडणारी छोटी शेगडी पुष्कळ झाली. बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या छतावर बसवायचा तंबूही तरुणांना ठीक. शिडी चढवत नसेल त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उलट, राजस्थान-गुजरातचे रुंद रस्ते, लांब पल्ला, बरोबर लहान मुले आणि एका जागी तीन-चार मुक्काम असा बेत असेल तर उभे राहता येईल अशी मोठी गाडी खरोखर सुखाची असते. ट्रॅव्हलरच्या बाजूने एक गोष्ट नाइलाजाने का होईना मान्य करायला हवी, ती म्हणजे तालुक्याच्या गावातसुद्धा तिचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, जे आयात केलेल्या चकचकीत गाडीबाबत म्हणता येत नाही. परंतु आमच्या साडूंचा प्रवास यांपैकी कशातच बसत नाही. वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, ट्रॅव्हलरची पायरी त्यांना आधाराशिवाय चढवत नाही. दोघांना देवस्थाने आवडतात, जिथे भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते. आणि गाडी ठेवायची आहे ती अशा सोसायटीत, जिथे चारचाकीच्या एका जागेवरून वार्षिक सभेत भांडणे होतात. वर्षातले दहा-अकरा महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटरहोमचे रबर तडकते, बॅटऱ्या बसतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात, हा खर्च संदेशातील ‘हॉटेल शून्य’च्या हिशेबात कुठेच नाही. टोलनाक्यावर मिनीबसचा दर लागतो, तोही नाही. त्यांनी आधी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन एक आठवडा काढावा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले, आणि मुंबई-पुण्याहून चालकासह अशा गाड्या भाड्याने मिळतात. पहाटे संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न एकदा स्वतः सोडवला की गाडीच्या आकाराबद्दलची मते आपोआप ताळ्यावर येतात.

‘कुठेही लावा आणि झोपा’ याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उत्तरेकडील मोठे ढाबे आणि महामार्गावरचे पेट्रोल पंप विचारल्यावर जागा देतात, कोकणातले घरगुती निवासवालेही थोड्या पैशांत अंगण, पाणी आणि वीज देतात. वनखात्याच्या हद्दीत मात्र रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही. पुळणीवर गाडी उतरवणाऱ्यांवर रायगड-रत्नागिरीत गुन्हे दाखल होतात, आणि भरती आली की पोलिसांच्या आधी समुद्रच कारवाई करतो.

राहिला पैसे परत मिळण्याचा दावा. चांगल्या कागदपत्रांच्या, मंजुरी असलेल्या कॅराव्हॅनला गिऱ्हाईक मिळते, कारण अशा गाड्या थोड्या आहेत. परंतु ज्या गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत अजूनही आसनांची बस लिहिलेली आहे, तिच्यातल्या पलंगाचे आणि ओट्याचे पैसे खरेदीदार देत नाही. उलट ते उपटून आसने पुन्हा बसवण्याचा खर्च तो सांगितलेल्या किमतीतून वजा करतो.